ओंडक्याला नंबर होता

मेळघाटात तुटलेला सागाचा ओंडका परतवाड्याच्या आरागिरणीत यायचा, तेव्हा त्याच्या आधी त्याचे कागद आलेले असत. झाड उभं असतानाच कूपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात, त्याच्या बुंध्यावर सरकारी हातोड्याची खूण बसायची आणि आकडा पडायचा. तुटल्यावर खोडाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळा नंबर, लांबी, मधली गोलाई. ट्रकमध्ये चढताना वाहतूक परवाना, ज्याला गावात सगळेच टी.पी. म्हणत. नाक्यावर टी.पी.वर शिक्का. मग वनखात्याच्या आगारात थप्पी, थप्पीला लॉट नंबर, लिलाव, पावती आणि आगाराबाहेर पडताना पुन्हा नवी टी.पी. शेवटी गिरणीतलं आवक रजिस्टर.

त्या शेवटच्या रजिस्टरचा मी माणूस. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून परतवाड्यातल्या एका गिरणीचा हिशेब मी लिहिला, ती बंद पडेपर्यंत. गिरणीचं नाव सांगत नाही, कारण जे सांगायचं आहे ते एका गिरणीपुरतं नाही. या सगळ्या साखळीत लाकूड घनमीटरच्या तिसऱ्या दशांशापर्यंत मोजलं गेलं. ते तोडणारा, ओढणारा आणि चिरणारा माणूस मात्र कुठल्याच कागदावर धड आला नाही. धंदा बसला तेव्हा किती परवाने राहिले आणि किती गेले हे कचेरीत विचारलं तर कळत होतं. किती माणसं घरी बसली, हे आमच्या गावात कुणालाच सांगता आलं नाही.

परतवाडा हे जुन्या एलिचपूरला, म्हणजे अचलपूरला, खेटून वाढलेलं गाव. अचलपूर ही कधीकाळी वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी. परतवाडा त्यामानाने अलीकडचं, पलटणीच्या छावणीभोवती जमलेलं. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८६४ मध्ये वनखातं उभं राहिलं आणि पुढच्या काही वर्षांत मेळघाटच्या सागावर सरकारी पकड बसली. डोंगर उतरून मैदानात येणारी वाट आमच्या गावावरून जाते. सेमाडोह, घटांग इकडून माल खाली आला की त्याला थांबायला पहिलं सपाट ठिकाण परतवाडा. लाकडाचा बाजार इथे का बसला याला यापेक्षा मोठं कारण शोधायची गरज नाही.

१९१३ साली मूर्तिजापूरहून अचलपूरपर्यंत अरुंद रुळाची गाडी आली, तीच पुढे शकुंतला म्हणून ओळखली गेली. ती मुख्यतः कापसासाठी टाकलेली. तरी गाव रेल्वेच्या नकाशावर आलं आणि बाहेरचा व्यापारी इथे राहायला लागला. गिरण्यांचे मालक बहुतेक कच्छी पटेल. विदर्भात जिथे जिथे लाकडाची वखार दिसते, तिथे पटेल सेठ दिसतोच. काही मारवाडी, काही अचलपूरचे मुसलमान व्यापारी. फर्निचरची कारागिरी वाढई आणि मुसलमान मिस्त्री या दोघांच्या हातात.

तोडणीचं काम मात्र कोरकूंचं. इंग्रजांनी मेळघाटात वनगावं वसवली ती त्यासाठीच. कोरकूला कसायला जमीन द्यायची, ती त्याच्या नावावर करायची नाही, आणि बदल्यात जंगलाच्या कामाला त्याने हजर राहायचं. पुढे ठेकेदार आले. ठेकेदाराला बाजूला सारून मजुरांनीच कूप घ्यावा, हा विचार आपल्याकडे १९४७ साली ठाणे जिल्ह्यात बाळासाहेब खेरांच्या पुढाकाराने जंगल कामगार सोसायट्यांच्या रूपाने सुरू झाला आणि नंतर मेळघाटातही पोचला. सोसायटीत सभासदाचं नाव निदान वहीत होतं. पण दिवाळीनंतर कूप सुरू झाला की कुऱ्हाडीवर, ओढाईच्या बैलजोडीवर, थप्पी लावायला जी माणसं लागत, ती सगळी सभासद नसत. बाप सभासद असे, कामावर बाप, आई आणि दोन पोरं असत. पैसे घनमीटरवर मिळत. म्हणजे तिथेही मोजमाप लाकडाचंच.

या मोजमापाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. तीन मीटर लांब आणि मध्यावर नव्वद सेंटीमीटर गोलाईचा ओंडका घ्या. व्यापारात गोलाईचा चौथा भाग काढतात, म्हणजे साडेबावीस सेंटीमीटर. त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं, आले ०.१५२ घनमीटर. शाळेतल्या भूमितीने तोच ओंडका ०.१९३ भरतो. शेकडा एकवीसचा हा फरक साल, पाठीच्या फळ्या आणि करवतीच्या वाटेत जाणारा भुसा यांच्यापोटी आधीच सोडून दिलेला असतो. लाकूड वाया जाणार हे गृहीत धरून त्याला सूट देणारं गणित शेकडो वर्षं चालत आलं आहे. माणसाचं बोट, पाठ, फुप्फुस वाया जाणार, याची सूट कुठल्याच सूत्रात नव्हती.

गिरणी येण्याआधी चिराई हाताने होई. ओंडका उंच घोड्यावर किंवा खड्ड्यावर ठेवायचा, एक माणूस वर, एक खाली, मध्ये लांब आरा. वरचा रेघेवर नजर ठेवी, खालच्याच्या डोळ्यांत भुसा पडे. वीज आली, पट्ट्याची आरी आली आणि दोन माणसांचं आठवड्याचं काम सकाळच्या चहापूर्वी होऊ लागलं. पण माणसं कमी झाली नाहीत, उलट वाढली, कारण आता लाकूड जास्त चिरलं जात होतं.

आमच्या गिरणीत सगळ्यात मोठा मान मिस्त्रीचा. ओंडका ट्रॉलीवर चढला की तो दोन क्षण त्याच्याकडे पाही. गाभा कुठे आहे, पोकळ कुठे, गाठ कुठे आणि पहिला काप कोणत्या बाजूने घेतला तर चौकटीचा माल जास्त निघेल, हे तो बघताक्षणी ठरवी. त्याच्या त्या दोन क्षणांवर सेठचा नफा अवलंबून असे. पहिला काप चुकला तर महागाचा साग जळतनाच्या भावाने जाई. त्याच्या खालोखाल धार लावणारा. पट्ट्याचे दाते घासणं, दात्यांना डावी-उजवीकडे सारखा कल देणं, तुटलेला पट्टा जोडणं ही त्याची कामं. पट्टा तुटला की गोळीसारखा आवाज होई आणि सगळी गिरणी एकदम खाली बसे. मग ट्रॉली ढकलणारे, फळी पलीकडून झेलणारे, ट्रक उतरवणारे हमाल. आणि बायका. भुसा टोपल्यांत भरून बाहेर टाकणं, साली वेचणं, पाठफळ्या वेगळ्या करणं. या बायकांना रोजीशिवाय घरापुरतं जळतन मिळे आणि त्यामुळे त्यांची रोजी कमी ठेवली जाई.

भुसा विटभट्टीला जाई, हॉटेलांच्या भुशाच्या शेगड्यांना जाई. उरलेल्या तुकड्यांतून तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल निघत. वाया असं काही जात नसे.

आता कागद. माझ्या टेबलावर दोन तऱ्हेच्या वह्या होत्या. एक लाकडाची: आवक, चिराई, विक्री, शिल्लक. ती रोज शाईने लिहायची, कारण वनखात्याचा माणूस कधीही तपासणीला येई आणि ओंडके नंबराप्रमाणे जुळले नाहीत तर परवान्यावर गदा. दुसरी वही माणसांची. ती सेठच्या गल्ल्यात असे, पेन्सिलीने लिहिलेली, आणि दर दिवाळीला नवी होई. जुनी कुठे जाई, कुणी विचारत नसे. विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार झाले की तेव्हा १९४८चा कारखाना कायदा लागू होई. म्हणून बाहेरून कुणी पाहायला आला तर दाखवायच्या हजेरीवर नऊ नावं. दहावा माणूस शेजारच्या फर्निचर दुकानाचा, अकरावा ट्रकवाल्याचा, बायका तर कुणाच्याच नाहीत. आमच्याकडे हे होतं आणि आजूबाजूलाही मला वेगळं काही दिसलं नाही. बाजाराच्या दिवशी रोजी वाटताना एखादा हमाल हमखास विचारी, “मुनीमजी, माहं नाव लिवलं ना?” तो विचारी ते त्या आठवड्याच्या पैशांसाठी. त्या नावाला पुढे दुसरी किंमत येईल, हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही.

गाव आजही सांगतं की सुप्रीम कोर्टाने एका दिवसात गिरण्या बंद केल्या. सोयीची गोष्ट आहे, पण लाकडाचा झरा त्याच्या खूप आधी आटायला लागला होता. १९७३-७४ मध्ये देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यात मेळघाट होता. पुढे अभयारण्य झालं, १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान. १९८० साली वनसंवर्धन कायदा आला. १९८८च्या राष्ट्रीय वननीतीने जंगल हे आधी पर्यावरणासाठी आणि त्याच्या आधाराने जगणाऱ्यांसाठी, महसूल नंतर, असं स्पष्ट म्हटलं. तोवर शंभर वर्षं क्रम उलटा होता. १९९३ पासून केंद्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने सरकारी इमारतींत लाकूड वापरायचं थांबवलं. दारं-खिडक्यांची सरकारी गिऱ्हाइकी गेली. आमच्या रजिस्टरात हे सगळं आधीच दिसत होतं. दोन पाळ्यांची एक झाली, मग आठवड्यात चार दिवस, मग लिलाव झाला की तेवढे दिवस.

मग १९९६. केरळातल्या निलंबूर कोविलकमचे, म्हणजे तिथल्या राजघराण्यातले, टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड यांनी १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका केली होती. गुडलूरकडची जंगलतोड पाहून केलेली. निलंबूर हे सागाचंच गाव; १८४०च्या दशकात इंग्रजांनी सागाची पहिली लागवड तिथे केली. त्या एका याचिकेतून देशभरच्या जंगलांचा कारभार कोर्टाच्या हातात गेला. १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने मंजूर कार्य आयोजनेशिवाय झाडं तोडणं थांबलं आणि प्रत्येक राज्याला तज्ज्ञ समिती नेमून सांगायला लावलं की आपल्या जंगलाला किती आरागिरण्या पेलतील आणि त्या जंगलापासून किती अंतरावर असाव्यात. ४ मार्च १९९७ च्या आदेशात आमच्या राज्याचं नाव थेट आलं. महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना आरागिरण्या, व्हीनियर आणि प्लायवूडचे कारखाने ताबडतोब बंद करायचे आणि नवे परवाने द्यायचे नाहीत.

हे चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. रात्री टी.पी.शिवाय येणारा साग कुठे चिरला जातो, हे गावाला माहीत होतं. एकाच टी.पी.वर दोनदा माल येई. विनापरवाना गिरण्या त्यावरच जगत आणि परवाना असलेल्यांपैकी सगळे धुतल्या तांदळाचे नव्हते. हे तसंच चालू राहिलं असतं तर आज मेळघाटात वाघ सोडा, चौकटीपुरता साग उरला नसता. मुद्दा तो नाही. मुद्दा असा की समित्यांनी मोजायचं ते झाडं आणि गिरण्या. माणसं मोजायचं काम कुणाचं, हा प्रश्न गावात कुणी विचारलाच नाही.

तीन वर्षांनी, १४ फेब्रुवारी २००० रोजी, कोर्टाने अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानांतून मेलेलं, वाळलेलं, वाऱ्याने पडलेलं झाडसुद्धा उचलायला मनाई केली. गिरणीवाल्यांनी या आदेशाकडे फार लक्ष दिलं नाही. तो खरा बसला मेळघाटातल्या कोरकूंवर. अभयारण्यात येणाऱ्या गावांत कूपाचं काम हेच हिवाळा-उन्हाळ्याचं रोख उत्पन्न होतं. ते थांबलं, तशी माणसं हंगामात खाली उतरायला लागली: हरभरा काढायला, संत्र्याच्या बागांत, विटभट्ट्यांवर. परतवाड्याच्या बसस्टँडवर चुंबळ, भांडी, कोंबडी आणि तान्ही पोरं घेऊन बसलेली कुटुंबं दिसू लागली. ज्यांच्या आज्याने जंगलकामाच्या बदल्यात जमीन घेतली, त्यांच्या हातून काम गेलं. जमिनीच्या हक्काचा कायदा यायला २००६ उजाडलं.

गिरणीतल्या माणसांचं काय झालं? कायदा त्यांच्या बाजूने नव्हता असं नाही. तेव्हाचा औद्योगिक विवाद कायदा म्हणत होता की वर्षात २४० दिवस काम केलेल्याला कमी करताना प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा. मालकाच्या हाताबाहेरच्या कारणाने धंदा बंद झाला तर ही भरपाई तीन महिन्यांच्या पगारावर थांबवता येई, पण काहीतरी मिळे. फक्त २४० दिवस सिद्ध करायचे असत. कशावर? पेन्सिलीच्या, दर दिवाळीला बदललेल्या वहीवर. आमचा मिस्त्री वीसेक वर्षांपासून ट्रॉलीमागे उभा होता. कागदावर तो कधी दोन वर्षं सलग नव्हता. धार लावणारा तर शेवटपर्यंत ठेक्याचा. त्यांनी भांडण केलं नाही, कारण भांडायला हातात काही नव्हतं. सेठने हातावर थोडे पैसे ठेवले, त्यांनी ते घेतले, आणि दोघांनाही आपण भले वागलो असं वाटलं.

फरक काय पडतो ते आमच्या गावाने नंतर पाहिलं. अचलपूरची फिनले कापड मिल २०२०च्या लॉकडाउनपासून बंद आहे. तिच्या कामगारांनी मोर्चे काढले, उपोषणं केली, नेत्यांना दारात यायला लावलं. मिल सुरू झाली नाही हे खरं, पण ते कामगार म्हणून रस्त्यावर उतरू शकले, कारण ते कामगार आहेत याला पुरावा होता. आरागिरणीच्या माणसाला बेकारसुद्धा होता आलं नाही. बेकार व्हायला आधी नोकरी असल्याची नोंद लागते.

या सगळ्या काळात एका गोष्टीची किंमत मात्र वाढत गेली: परवान्याची. नवा मिळणार नाही म्हटल्यावर जुना सोन्याचा झाला. पट्टा गंजला, शेड पडली, तरी सेठ लोक नूतनीकरणाची फी न चुकता भरत राहिले. २००६ साली परवान्यांच्या या मोहाचं टोक दिसलं. १९९७ची बंदी असताना सहा लाकूड-उद्योगांना चालू राहायला परवानगी दिल्याबद्दल सुप्रीम कोर्टाने १० मे २००६ रोजी राज्याचे मंत्री स्वरूपसिंह नाईक आणि वनविभागाचे प्रधान सचिव अशोक खोत यांना कोर्टाच्या अवमानासाठी एकेक महिन्याची साधी कैद सुनावली. परवानगी दिली तेव्हा नाईकांकडे वनखातं होतं. ती बातमी मी हॉटेलात बसून वाचली. बाजूला आमचा जुना ट्रॉलीवाला चहा पीत होता. तो आता रसवंतीवर उसाचे भारे उतरवायचा. मी त्याला वाचून दाखवली. त्याने विचारलं, “मंग त्या साही गिरण्यातले मानसं कुठी गेले?” बातमीत ते नव्हतं.

आज परतवाड्यात गिरण्या आहेत, पण कमी, आणि त्यांच्यापुढे पडलेलं लाकूड दुसऱ्या देशाचं. नव्वदनंतर आयात खुली झाली. कांडल्याला उतरलेला घाना, नायजेरिया, इक्वेडोरचा साग ट्रकने विदर्भात येतो. हा लागवडीतला, कमी वयाचा माल. गाभा लहान, पांढरा भाग जास्त. म्यानमारचा चांगला साग येत असे, त्या देशाने १ एप्रिल २०१४ पासून गोल लाकडाची निर्यात बंद केली. दारांना फ्लश डोअर, खिडक्यांना ॲल्युमिनियम, कपाटांना दाबलेल्या भुशाच्या पाट्या. पूर्वी जो भुसा आम्ही विटभट्टीला देत होतो, त्याचंच आता फर्निचर होतं. पहिला काप कुठून घ्यायचा हे ठरवणाऱ्या डोळ्याची त्यात गरज उरली नाही. ती विद्या आमच्या मिस्त्रीने कुणाला शिकवली नाही. शिकायला कुणी आलंच नाही.

सुप्रीम कोर्टाने ५ ऑक्टोबर २०१५ ला परवान्यांचा विषय पुन्हा राज्यस्तरीय समित्यांकडे दिला. ११ नोव्हेंबर २०१६ ला केंद्राने लाकूड-उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. आता राज्याने आधी लाकूड किती उपलब्ध आहे ते पाहायचं आणि मग नव्या गिरण्यांचा विचार करायचा. शेताच्या बांधावरचा साग, निलगिरी, सुबाभूळ यांचा हिशेब होईल आणि कदाचित गिरण्या पुन्हा वाढतील. वाढाव्यात. पण हा हिशेबही लाकडाचाच आहे, आणि २०२०च्या श्रमसंहितेत विजेवर चालणाऱ्या कारखान्याचा आकडा दहावरून वीस झाला आहे. म्हणजे यापुढे नऊऐवजी एकोणीस नावं दाखवून भागेल.

मुनीम म्हणून माझी सूचना लहान आहे. गिरणीचा परवाना ठरावीक मुदतीने नवा करावा लागतो आणि त्या अर्जाला लाकडाची आवक-जावक जोडावी लागते. त्याच अर्जाला माणसांची यादी जोडायला लावा: नाव, काम, किती दिवस, किती पैसे, बायकांसकट. ओंडके नंबराप्रमाणे जुळले नाहीत तर परवाना अडतो. माणसं जुळली नाहीत तरी अडवा. वनखातं म्हणेल हे आमचं काम नाही, कामगार खातं म्हणेल आरागिरणी वनखात्याकडे आहे. शंभर वर्षं लाकूड दोन्हींच्या हद्दीतून नंबर लावून सुखरूप गेलं. माणूस दोन्हींच्या मधल्या फटीत पडला, आणि ती फट बुजवायला कायदा नवा करायची गरज नाही, अर्जात एक पान वाढवलं तरी पुरे.